उजवीकडचं वळण

गोळे कॉलनीत, दुपारी चारला,
टेम्पो आणि खोक्यांमधून वाट काढत
ती काउंटरपाशी आली. मोबाइल पुढे केला.
चिठ्ठीचा फोटो, मागच्या वर्षीचा, तारीख अर्धी कापलेली.
"वीसवाल्या कॅप्सूल. दोन महिन्यांच्या द्या."
हनुवटीवर उरलेले चार मुरूम.
तळहातावरची मेंदी उडालेली, नखांवर मात्र गडद.

चांडक शेठ बिल फाडायला तयारच.
मी ड्रॉवर उघडला आणि हात तिथेच राहिला.

बारा वर्षांपूर्वी मी अंडी उघडत असे.
एमएस्सीचं दुसरं वर्ष, गोवर्धने मॅडमची खोली,
सिन्नरहून एसटीने मांडीवर ट्रे धरून आणलेली
फलित अंडी. कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची,
श्वास रोखून.
तेहतिसाव्या तासाला तिथे जवळजवळ काहीच नसतं.
पिवळ्यावर एक पुसट रेघ,
आणि मग ती रेघ दचकते.
थांबते.
पुन्हा.
रक्त अजून पोचलेलंही नसतं. काय ढकलायचं, कुणासाठी,
तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मग ती सरळ नळी वळते. उजवीकडे.
मॅडम म्हणायच्या, आपल्या गोदावरीसारखी:
निघाली पूर्वेला, रामकुंडापाशी एकदम दक्षिणेला.
त्या वळणानंतरच कप्पे, पडदे, झडपा,
दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना वळसा घालून
आपापल्या घरी.

हे वळण सांगणारं, गाजरातलंच काहीतरी.
शेवग्याच्या पाल्यातलं, पपईतलं,
डोळ्यांना चांगलं म्हणून आईने बळंच भरवलेलं.
शरीर त्याचं आम्ल करतं आणि मापून पेरतं,
इथे इतकं, तिथे अजिबात नाही.
मुळीच नसलं तरी वाट चुकते.
जास्त झालं तर

जास्त मी केलं होतं. तोच माझा प्रबंध.
औषधात भिजवलेला, मिठाच्या कणाएवढा मणी
चिमट्याने ठेवायचा रेघेच्या कुशीत.
दुसऱ्या दिवशी, अंडं क्रमांक सतरा:
नळी डावीकडे वळलेली,
आणि धडधडत होती, तितक्याच हौसेने.
एकोणीस: वळलीच नाही.
तेवीस: दोन नळ्या, भेटायच्या राहून गेलेल्या,
दोघी आपापल्या ठेक्यात.
मी पेन्सिलीने नोंद केली. मार्क चांगले पडले.

"ताई, घाई आहे हो."
तिच्यामागे सटाण्याचा एजंट,
त्याच्यामागे डोक्यावर सलाईनची खोकी घेतलेला हमाल.
मी हळूच विचारलं, पाळी कधी आली होती?
हळूच काही बोलता येत नाही गोळे कॉलनीत.
एजंटने मोबाइलमध्ये मान घातली.
तिचे कान लाल. "तुम्हाला काय करायचंय?"

काय सांगणार? बाविसाव्या दिवसाच्या आसपास
ते सुरू होतं, बाई, तुझं
चुकली की नुसती लांबली, हे चालू असतानाच.
तोंडून अंडं क्रमांक सतरा निघालं असतं.
म्हटलं, नवी चिठ्ठी आणा. त्याआधी ही टेस्ट करा.
पट्टी पुढे सरकवली. पन्नास रुपये.
ती गेली.
शेठ म्हणाले, "समोर मिळेलच तिला."
मिळेलच.

साडेआठला, शटर अर्धं उतरल्यावर
एक मुलगा वाकून आत आला, हातात हेल्मेट.
"दुपारी इथे... ती पट्टी."
आणि खिशातून एक पाकीट काढून ठेवलं काउंटरवर.
दहातल्या सहा जागा रिकाम्या.
"माहेरून आणल्या होत्या तिने. चालतं ना?"
लग्नाला किती दिवस झाले?
"सव्वीस," तो हसून म्हणाला. पाठच होतं त्याला.

पाकीट मी माझ्याकडेच ठेवलं.
सकाळची पहिली लघवी घ्या, म्हटलं, पाच मिनिटं थांबा.
उद्याच डॉक्टरांकडे जा, काहीही आलं तरी,
आणि या किती खाल्ल्या ते त्यांना सांगा.
एक रेघ तर येणारच.
दुसरी अगदी पुसट असली
तरी ती आहे असंच धरायचं.